जूनची तारीख

अकोला,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मैनाआत्या,
सप्रेम जयभीम.

हाताची जखम भरत आल्याचं बाबांकडून कळलं. आम्ही इकडे बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण फिरणं सुटत नाही. तू अकरा दिवस दवाखान्यात होतीस. अमरावती काय, दोन तासांची वाट. तरी मी आले नाही. काम आहे म्हणाले. काम होतंच, कोणाचं, ते सांगितलं नाही.

मी फॉन्ट तयार करते, तुला माहीत आहे. वर्षभर जो करत होते तो तुझ्याच नांदगाव पेठेच्या सूतगिरणीसाठी. पाट्या, नोटिसा, सगळ्यांना एकच अक्षर हवं होतं. मॅनेजर शेखर साहेब म्हणाले, "कुठं टोक नको. कामगाराले घरच्यासारखं वाटलं पाह्यजे." मी शिरोरेषेची टोकं गोल केली, 'ळ'ला गुबगुबीत वळणं दिली. माझं पहिलं मोठं काम. मिरवत होते.

तीन सप्टेंबरला रोलरमध्ये तुझी दोन बोटं गेली. एकवीस सप्टेंबरला मी फॉन्ट पुरा करून पाठवला.

परवा बाबांनी अपघाताच्या चौकशीतला फोटो दाखवला. तुझ्या मशीनवरचा फलक : 'मशीन चालू असताना रोलरला हात लावू नये.' खाली तारीख, १२ जून.

"जूनपासून फलक होता म्हणतात, मैनानंच वाचला नाही म्हणतात," बाबा म्हणाले. "सातवी शिकेल हाये ते, काहून वाचणार नाही?" मग फोटो जवळ नेऊन म्हणाले, "अक्षर मात्र साजरं हाये, गोल गोल."

मी फोटो त्यांच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

ती अक्षरं आता बघवत नाहीत. कोणी गाल फुगवून गोड हसत खोटं बोलावं, तशी दिसतात. पण किळस अक्षरांची नाही, आत्या. तो फलक मीच केला, सप्टेंबरच्या शेवटी. जूनची तारीख साहेबांनी सांगितली, मी टाकली. "असं का?" विचारलं, तर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे." मला कळलं होतं. तुझं मशीन कोणतं, तेही माहीत होतं. पहिलं काम हातचं जाईल म्हणून गप्प बसले.

जूनमध्ये हा फॉन्ट नव्हताच. तेव्हा माझ्याकडे फक्त पेन्सिलीची चित्रं होती. तारखांसकट सगळ्या फाइली आज तुझ्या वकीलबाईंना दिल्या. साहेबांना कुणकुण लागली, फोन आला, "तुमचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, "होऊ द्या."

जबाबात पहिलंच वाक्य लिहिलंय की तारीख मी टाकली. वकीलबाई म्हणाल्या, ते खाली घेऊ. मी नाही म्हटलं. गुरुवारी चौकशीत ते तुझ्यासमोर वाचतील. बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. तुला त्यांच्याआधी कळायला हवं, म्हणून हे पत्र दुपारच्या बसनं पाठवतेय.

गुरुवारी माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर बोलू नकोस. मी येणार आहे.

तुझी अपराधी भाची,
प्रियदर्शनी