सोडलेला गळ

१२ जानेवारी

आले बाई एकदाची! कंधारच्या पुढे, बोरतळीच्या साठवण तलावावर आज कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. पंपघराला लागूनच दोन खोल्यांचं क्वार्टर आहे आणि खिडकी उघडली की थेट पाणी. नांदेडच्या ऑफिसातल्या कोंदट फायलींनंतर ही चैनच म्हणायची. पंप चालवणारे शेषेरावमामा इथलेच. माझ्या सामानात गळाच्या काठ्या दिसल्या तसा त्यांचा चेहरा खुलला. गळ टाकणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती म्हणे. मी सांगितलं, बाबांनी गोदावरीच्या काठावर लहानपणीच शिकवलंय. मामांनी लगेच बाभळीखालचा कोपरा दाखवला. तिथं कुणी फिरकत नाही, मासा मात्र लई हाय, म्हणाले.

१५ जानेवारी

पंप सोडून काठावर बसून राहता येत नाही, म्हणून बाबांचीच युक्ती वापरली. काठी बेचक्यात टेकवायची, शेंड्याला घुंगरू बांधायचं आणि आपण कामाला लागायचं. वाजण्यावरून सगळं कळतं. वारा असला तर नुसती किणकिण. चिलापी टोचून बघते तेव्हा तुटक तुटक. रोहू लागला की एक हिसका आणि मग थांबतच नाही. आज तसाच एक चांगला रोहू निघाला. अर्धा मामांच्या घरी पाठवला. त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, तो तसाच झाकून परत पाठवला. कुठल्या कोपऱ्यातला, एवढंच विचारलं म्हणे.

१९ जानेवारी

आज दुपारी घुंगरू वाजलं ते मला ठाऊक असलेल्या कुठल्याच तऱ्हेनं नाही. सावकाश, थांबून थांबून, कुणी दाराची कडी वाजवावी तसं. धावत गेले. दोरा सैल, कणकेची गोळी जशीच्या तशी. फक्त काठीची मूठ ओली होती. काठी तर पाण्यापासून चांगली लांब रोवलेली. तिथंच बसून राहिले, काही नाही. पाठ फिरवून पंपघरापर्यंत आले आणि पुन्हा वाजलं.

२१ जानेवारी

बेचकं मी रोवलं तिथं नाही. पाण्याकडे सरकलंय.

गावातल्या कुणाची तरी खोडी समजून बंधाऱ्यावर जरा चढ्या आवाजात बोलले. धुणं धुणाऱ्या बायका पिळे तसेच टाकून निघून गेल्या. दुकानदार मन्मथनं दूध संपलं म्हणून सांगितलं आणि माझ्यादेखत दुसऱ्याला दिलं. परत येताना केवळाबाई वाटेत आडव्या आल्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"गळ टाकायचा तर जवळ बसावं, न्हाईतर गुंडाळून घरी न्यावं. सोडलेल्या गळाला मासा लागत न्हाई म्याडम. दुसरंच लागतंय."

एवढं बोलून वाटेला लागल्या.

गळ काढायला गेले तर दोरा निघेना. खाली कशात तरी अडकलाय. कापायला हवा होता. बाबांचा म्हणून कापवला नाही.

२३ जानेवारी

शेषेरावमामा गेले.

जेवताना घुंगरू वाजलं. मी उठले नाही. तुम्ही जेवा, मी बघतो, म्हणाले. खिडकीतून दिसत होते. काठी उचलली, ओढून बघितली, माझ्याकडे बघून हसले. मोठा लागलाय असा हातानं इशारा केला. मग पाण्यात एक पाऊल टाकलं. मग दुसरं. कुणी बोलावल्यासारखे चालत गेले. ओरडले नाहीत. मी पोचले तेव्हा पाणी हलतसुद्धा नव्हतं. काठी काठावर पडलेली आणि दोरा ताठ.

२४ जानेवारी

पोलीस आले, पोहणारे उतरले. काही हाती लागलं नाही. दोरा दाखवला. फौजदारांच्या हातात सैल. माझ्या हातात ताठ. ते गेल्यावर दोनदा हलकेच ओढला. तिकडून दोनदा ओढलं —

गाडीची किल्ली सापडत नाही. बंधाऱ्यावर गावातली माणसं बसलीत, लाठ्या घेऊन. ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. उद्या बघू, म्हणाले.

केवळाबाई आल्या. रडलेल्या नव्हत्या. मला बाभळीखाली बसवलं, काठी माझ्या मांडीवर ठेवली.

"गळ तुमचा हाय. तुम्ही बसून हाव, तवर माझा माणूस दोऱ्याला हाय. उठलाव तर गेला."

२५ जानेवारी

बसलेय. ऊन डोक्यावर आलं.

डोळा लागला — घुंगरू. उघडला, थांबलं.

पाय ओले आहेत. मी बाभळीला टेकून बसले होते. बाभळ आता मागं —

उठता येत नाही. हात काठीवरून सुटत नाही, उजवा. डाव्यानं लिहितेय. केवळाबाईंना हाक मारली. वर बसून बघताहेत. कुणीच उठत नाही.

नजर हलली की वाजतं. वहीकडे बघितलं तरी —

वर बघितलं. थांबलं.

दोन शब्द लिहिले की पाणी थोडं —

कंबरेला लागलं.

लिहू नये. कळतंय. पण बाबांना कुणीतरी सांगायला हवं, मी स्वतःहून नाही — एवढं एकच वाक्य पुरं करते आणि मग मान वर