भिंगावरच्या हळदीबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
गोदाकाठ विज्ञान महाविद्यालय, नाशिक.

विषय : सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लागलेल्या हळदीबाबत, व यंदा ती न लावण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'तक्रार निकाली' हे पत्र.

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात पीएच.डी. करते. द्राक्षावर केवडा रोग आणणाऱ्या बुरशीचा एकेक प्रथिनरेणू पाहणे हे माझे काम. त्यासाठी निळा लेसर काचेत इतका तिरपा सोडतात की तो आतल्या आत परत फिरतो आणि काचेलगतचा, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ थर तेवढा उजळतो. बाकी सगळा काळोख. त्या काळोखातच रेणूचा ठिपका दिसतो.

गेल्या खंडेनवमीला आपल्या शुभहस्ते यंत्राची पूजा झाली. मी तेव्हा नमुने आणायला दिंडोरीला गेले होते. हळदीचे बोट आपण नेमके मुख्य भिंगावर टेकवलेत. हळद निळ्या प्रकाशात स्वतःच चमकते, आणि नमुना पाहताना भिंगावर जे तेल लावतात, त्यात ती विरघळली. पुढे शिपाई बयाबाईंनी भिंग मायेने ओल्या फडक्याने घासले, त्याला चरे पडले आणि हळद चऱ्यांत जाऊन बसली. "ताई, पूजेची हळद हाय, तिनं काय नाय व्हत," असे त्या म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आपल्या पत्राचा आहे. आपण पाठवलेल्या तपासनीसांनी "उपकरण सुरू असून पूर्वीपेक्षा जास्त उजेड देते" असा शेरा मारला आणि तक्रार निकाली निघाली. महोदय, तो जास्तीचा उजेड हीच माझी तक्रार आहे! फेरचौकशी मागितली, तर समितीचे अध्यक्ष आपणच.

डिसेंबरअखेर माझी शिष्यवृत्ती संपते. वर्षभर मी फक्त हळद पाहते आहे. घरी वडील विचारतात, "दिसलं का गं काही?" मी ताट उचलून आत जाते. अगदी रडकुंडीला आले आहे.

तरी नवे भिंग तातडीने मंजूर व्हावे. खंडेनवमी पुन्हा तोंडावर आली आहे. यंदा पूजा दाराबाहेर व्हावी. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातल्या झेंडूचा हार आई स्वतः ओवून पाठवणार आहे, तो दाराला घालावा. नारळ मी फोडीन, प्रसाद वाटीन. हळदीचे बोट हवे तर माझ्या कपाळाला लावावे. यंत्राला नको.

आपली, थोड्याशा अंधाराची गरजवंत,
वैष्णवी भिमाजी विधाते
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) पूजेचे छायाचित्र (आपले बोट स्पष्ट दिसते).
२) भिंगातून घेतलेले छायाचित्र (हळद).
३) 'तक्रार निकाली' पत्राची प्रत.
४) रेणूचे छायाचित्र : निरंक.