ठेवू की फाडू?

३ फेब्रुवारी
चिरंजीवांनी, म्हणजे मालकांच्या मुलाने, नवा नियम काढला. नाकारलेले नोकरीचे अर्ज तीनच महिने ठेवायचे. पुढे ठेवायचे तर दर तीन महिन्यांनी अर्जदाराला फोन करून विचारायचं. "लोकांची खाजगी माहिती आहे काकू, मुरवत ठेवायची नसते."
इतकी वर्षं प्रत्येकाला मीच लिहीत आले — आपला अर्ज जपून ठेवला आहे, जागा निघताच कळवू. जपून म्हणजे जिन्याखाली, पंख्याच्या रिकाम्या खोक्यात! उघडून बघतंय कोण?

४ फेब्रुवारी
दिवसभर फोन. 'ठेवू की फाडू?' हेच, जरा मऊ करून. निम्म्यांना कंपनीच आठवेना. एकीने मला विमेवाली समजून झापलं.
एक मात्र वेगळा निघाला. गोदाम सांभाळायचा, कारखाना बंद पडला म्हणून घरी बसलाय, वय माझ्याएवढंच. म्हणाला, "ठेवा, ठेवा. आणि तुमचा घसा बसलाय, गरम पाणी घ्या."
घरी येऊन घेतलं. घसा बसलाय हे इथे सांगणार कोण? भिंती?

१० मार्च
लेकीला फोन केला. "आई, नंतर करते हं." नंतर हा वार माझ्या कॅलेंडरात नाही.

५ मे
ठेवाबुवांना फोन. (नाव मी पाडलंय.) "ठेवा, ठेवा!" मागे कसला तरी खडखडाट. शेजारी काम चालू आहे म्हणाले. मग विचारलं, जेवलात का? हो म्हटलं. "खोटं," म्हणाले.
बायको गेली तरी चहा दोन कप टाकायची सवय सुटत नाही त्यांची. मग दुसरा कप? "तोही मीच पितो, करता काय!"
खूप हसले मी. ऑफिसात सगळे वळून बघायला लागले.

४ ऑगस्ट
आज त्यांना फोन करायचा दिवस. आधी केस विंचरले. फोनवर दिसतात म्हणे!

१९ ऑगस्ट
आमचा गोदामवाला नोकरी सोडून गेला. चिरंजीव जाहिरात द्यायला निघाले. मी खोकं त्यांच्या टेबलावर आदळलं, सगळ्यात वर ठेवाबुवांचा अर्ज. "जागा निघताच कळवू म्हणतो ना आपण? मग एकदा कळवा तरी! नाहीतर ते वाक्य छापणं बंद करा."
"काकू, इतका जुना अर्ज —"
"जुनी तर मीही आहे."
अर्ज उचलून वाचला. म्हणाले, बोलवा त्यांना.
म्हणजे रोज दिसणार! झोप कसली येतेय.

२० ऑगस्ट
फोन केला. बातमी सांगितली. पलीकडे नुसता खडखडाट. मग — "रागावू नका. नोकरी मला मार्चमध्येच लागली. पण फाडा म्हटलं असतं, तर तुमचा फोन बंद झाला असता ना."
चिरंजीवांना सांगितलं, द्या जाहिरात. त्यांचा अर्ज कागद फाडायच्या यंत्रात घातला, नियम म्हणजे नियम. नंबर मात्र पाठ झालाय. त्याची मुदत कोणी ठरवलेली नाही.