मागच्या खोलीतला संगणक आणि हार्मची ओळ

मी, गेस्ये ब्राउवर, माहेरची स्लॉट, कैलासवासी नव्हे तर प्रभूच्या घरी गेलेले वोल्टर ब्राउवर यांची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, धंदा घरकाम, राहणार वेस्टरवाइक, चर्चच्या मागची गल्ली, असे लिहून ठेवते की, देवाने मला आजवर शुद्धीत ठेवले आहे आणि डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनीही लिहून दिले आहे. हृदयाची एक झडप मात्र ठिकाणावर नाही. ईस्टरनंतरच्या आठवड्यात झ्वोलच्या इस्पितळात ती बदलणार आहेत. तिथून परत येणे न येणे त्याच्या हाती, मागे पसारा न ठेवणे माझ्या हाती. म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचाही दाब नसताना करीत आहे. यापूर्वी केलेले एक आहे, ते रद्द समजावे. त्यात वोल्टरना सगळे दिले होते, आणि तेच आधी गेले.

१. घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी आल्त्ये हिला द्यावी. शिल्लक किती ते तिला ठाऊक आहे, कारण हिशेबाच्या वह्या तिने पाहिल्या आहेत आणि हसली आहे. दिव्याचे बटण दाबण्याआधी अजून उजेड आहे का म्हणून खिडकीबाहेर पाहणारी बाई म्हणून माझी चेष्टा करते. करू दे. बिस्किटांचा पत्र्याचा डबाही तिचाच. कॉफीबरोबर एक बिस्किट द्यावे आणि झाकण लावावे, हा नियम तिने माझ्या दफनाच्या दिवशीही मोडू नये.

२. शेजारीण फेमी हिच्याकडे वाटाण्याच्या सूपचे माझे मोठे पातेले १९९८ च्या हिवाळ्यात गेले. पातेले परत आले, झाकण आले नाही. ते झाकण मी तिला या मृत्युपत्राने बहाल करते. आता तिने माझ्या दारावरून जाताना मान खाली घालू नये.

३. वोल्टरांची पोलादी पट्टी, भिंग आणि शिशाच्या खिळ्यांची पेटी माझा धाकटा भाऊ हार्म स्लॉट याला द्यावी. पेटी मुळात त्याचीच आहे. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने ही पेटी आमच्याकडे आणून ठेवली. त्यानंतरची गोष्ट पुढच्या कलमात आहे आणि ते कलम लांब आहे. नोटरीसाहेब म्हणाले, "बाई, एवढं लिहायची कायद्याला गरज नाही." मी म्हटले, "कायद्याला नसेल."

४. मागच्या खोलीतला संगणक, छपाईयंत्र आणि त्या संगणकातला छपाईची पाने जुळवणारा कार्यक्रम.

हा कार्यक्रम हार्मने लिहिला. छापखाना गेल्यावर पाच वर्षे तो स्वयंपाकघरात बसून लिहीत होता. मजकूर द्यावा, की कार्यक्रम ओळी पाडतो, शब्द कुठे तोडायचा ते ठरवतो, पान बांधतो. हाताने जुळवलेल्या पानात आणि त्याच्या पानात मला फरक दिसत नसे, हार्मला दिसे, आणि तो पुन्हा बसे. आमच्या चर्चची रविवारची पत्रके, स्तोत्रे आणि प्रार्थना, त्यावरच निघू लागली.

पण त्या कार्यक्रमाला विचार करता येत नसे. ज्यांची नजर मंदावली अशी एक्केचाळीस माणसे आमच्या मंडळीत होती. कोणाला अठराचे अक्षर हवे, कोणाला चोवीसचे. प्रत्येकासाठी हाताने सगळे बदलावे लागे. वोल्टर शाळेत गणित शिकवत. त्यांनी सुचवले की, आत एक छोटी भाषा बसवू. ती ब्राझीलच्या लोकांनी केलेली, नाव लुआ, इतकी लहान की कुठल्याही घरात एका कोपऱ्यात राहील. मग कार्यक्रम ओळ पाडायच्या आधी तिला विचारील, हे पान कोणाचे? अक्षर केवढे? शब्द तोडू की नको?

हार्म म्हणाला, "माझ्या घरात भाडेकरू नको."

"भाडेकरू नाही रे, पाहुणी," वोल्टर म्हणाले.

"पाहुणी जाते. ही जाईल का?"

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. २००३ च्या उन्हाळ्यात हार्म मूतखड्यासाठी दोन आठवडे इस्पितळात होता. कुंड्यांना पाणी घालायला त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. कार्यक्रमाची मूळ लिपी, म्हणजे हार्मने स्वतः लिहिलेल्या सगळ्या सूचना, त्याच्या कपाटात संगणकाच्या चकत्यांवर होती. ती किल्ली वोल्टरांना मी दिली. वोल्टरांनी मागितली म्हणून नव्हे. मी स्वतः म्हटले, "जा, घेऊन या, तो परत येईपर्यंत दाखवायला काहीतरी तयार होईल, मग खूश होईल." हे आजवर हार्मला ठाऊक नाही. त्याला वाटते वोल्टरांनी चोरून घेतली. वोल्टरांनी तो आळ मरेपर्यंत अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. देवापुढे हे कबूल केलेले आहे, हार्मपुढे आज करते.

वोल्टरांनी पाहुणी आत बसवली आणि सुगीच्या आभारप्रार्थनेची पत्रके तिच्याकडून काढली. आमच्या घरी जेवणानंतर बायबलचे वाचन संपेपर्यंत कोणी उठत नाही, कोणी बोलत नाही. कार्यक्रमात पाहुणीलाही असाच नियम होता. तिचे सगळे बोलणे संपल्यावरच घरधन्याला, म्हणजे हार्मच्या कार्यक्रमाला, ते ऐकू जाई. वोल्टरांनी तिच्याकडून सांगितले, अक्षर मोठे कर, आणि त्याच दमात विचारले, आता पानावर किती ओळी बसतात? घरधन्याने मोठे अक्षर अजून ऐकलेच नव्हते. त्याने जुना आकडा दिला. मोठ्या अक्षराच्या एक्केचाळीस पत्रकांतून स्तोत्राचे शेवटचे, चौथे कडवे पानाखाली गेले.

ऑर्गन चौथे कडवे वाजवू लागला आणि म्हाताऱ्यांच्या रांगा गप्प झाल्या. आमच्याकडे स्तोत्र अर्धे राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर हार्म म्हणाला, "कोणाला विचारून भिंत पाडलीस, वोल्टर?"

"भिंत आहे तशीच आहे. एक दार केलंय."

"दुसऱ्याच्या घराला?"

हार्मने टोपी घातली. "ती बाई बाहेर काढ, मग मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवीन. ताई, तुझ्यावर राग नाही माझा." हे शेवटचे वाक्य मला बारा वर्षे टोचते आहे.

चूक वोल्टरांनी आठवड्यात दुरुस्त केली. तिचे बोलणे आधी संपू द्यायचे, मोजमाप दुसऱ्या फेरीत घ्यायचे. पुन्हा एकही कडवे गळले नाही. पण हार्म आला नाही. चर्चमध्ये तो आमच्या पुढच्या बाकावर बसतो. प्रवचन सुरू झाले की मी पेपरमिंट त्याच्या खांद्यावरून पुढे करते. तो मागे न वळता घेतो. बारा वर्षांत एकदाही नाही म्हणाला नाही, आणि एकदाही वळला नाही.

२००९ साली वोल्टर गेले. तेव्हापासून पत्रके मी काढते, हार्मला मी ते सांगितलेले नाही. वोल्टरांनी शिकवले तेवढेच येते. नावांची यादी नीट ठेवायची, कार्यक्रम दोनदा फिरवायचा, शेवटचे कडवे डोळ्यांनी तपासायचे. माणसे आता सव्वीस उरली. आल्त्ये म्हणते, "आई, आता फोनवर हवं तेवढं मोठं करता येतं." मी विचारले, "स्तोत्र म्हणताना आजोबा फोन कुठे धरतील आणि काठी कुठे?" त्यावर तिने ती छोटी भाषा शिकून घेतली. तिला पाहुणीची बाजू कळते. घराची बाजू फक्त हार्मला कळते. गेल्या हिवाळ्यापासून लांब स्तोत्राच्या शेवटी कार्यक्रम मध्येच थांबतो. तो दोष घराच्या बाजूचा आहे, असे आल्त्ये म्हणते. मी नसले आणि हार्म आला नाही, तर सव्वीस माणसे पुन्हा चौथ्या कडव्याला गप्प बसतील.

म्हणून हा संगणक, यंत्र आणि कार्यक्रम, मुळात त्याचाच असलेला, मी हार्मला देते. अट घालत नाही. पाहुणीला बाहेर काढायचे असेल तर त्याने खुशाल काढावे. आल्त्ये आडवी येणार नाही, तिने मला तसा शब्द दिला आहे. एवढीच विनंती की, काढण्यापूर्वी यादीतली सत्ताविसावी ओळ वाचावी. ती वोल्टरांच्या हातची आहे, जाण्यापूर्वी दोन महिने लिहिलेली. तेव्हा हार्मचे डोळे कोणी तपासले नव्हते. वोल्टरांना फक्त दिसले होते की, पुढच्या बाकावर तो पत्रक हात लांब करून धरतो. मागच्या बाकावरून दिसायचे ते एवढेच. ती ओळ इथे उतरवते:

"हार्म असेल तर अक्षर बावीस. शब्द कुठेही तोडू नये, त्याला आवडत नाही. जागा कमी पडली तर पान वाढवावे."

गेल्या शरदात चर्चच्या पायऱ्यांवर हार्म मला म्हणाला होता, "ताई, या पत्रकात शब्द कधी तुटत नाहीत. करतो कोण कोण जाणे, पण माणूस शहाणा आहे."

मी म्हटले, "असेल." तेव्हा सांगायला हवे होते. धीर झाला नाही.

५. दफनाच्या वेळी एकच स्तोत्र म्हणावे, पण सगळी कडवी म्हणावीत. फुले नकोत, त्या पैशात कागद घ्यावा. पेपरमिंटची पुडी माझ्या काळ्या कोटाच्या उजव्या खिशात असेल. त्या दिवशी ती कोणीतरी पुढच्या बाकावर द्यावी. हार्मने त्या दिवशी मागे वळून पाहिले तर पाहावे, मी तिथे नसेन, आल्त्ये असेल.

६. कायद्याप्रमाणे ज्याला वाटा आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून हार्मला बोलावले नाही. (फेमीचे झाकण वाट्यात धरत नाहीत, असे नोटरीसाहेब म्हणाले.) पण मी इस्पितळात जाण्याआधी त्याची प्रत त्याला पोचावी, मरणाची वाट पाहू नये, असे मी नोटरीसाहेबांना सांगितले आहे. ते म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटले, पत्रक वेळेवर मिळाले तरच स्तोत्र म्हणता येते.

या मृत्युपत्राच्या प्रती मागच्या खोलीत, याच कार्यक्रमावर, मी स्वतः काढल्या आहेत. मजकूर सगळ्यांत एकच आहे, शेवटचे वाक्य प्रत्येकीत तपासले आहे. नोटरींची प्रत चार पानांची, आल्त्येची चार पानांची, हार्मची नऊ पानांची.

सही: गेस्ये ब्राउवर

साक्षीदार: फेमी डाइकस्ट्रा, शेजारीण (झाकण सापडले आहे, पण दिलेले परत घेणार नाही असे गेस्ये म्हणाली)

साक्षीदार: लुबर्ट हॉर्स्टमान, नोटरींचे कारकून

स्थळ: वेस्टरवाइक. दिनांक १४ मार्च २०१६, सोमवार, सकाळची कॉफी झाल्यावर.