अमेरिकेतल्या बँडवाल्याची चौकशी

आदरणीय दाजी यांस,

नागनाथचा सविनय जय भीम. आक्कालाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं तेल तुम्ही लावलंच नाही असं आक्का म्हणते, आणि लावून उपयोग झाला नाही असं तुम्ही म्हणता; दोघांत खरं कोण ते तुमचं तुम्ही मिटवा. माळशिरसला ऊन कसं आहे हेही विचारणार होतो, पण सोलापुरात बसून दुसऱ्या गावच्या उन्हाची काळजी करायला माणसाला बरीच सवड लागते. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुम्ही.

फोनवरचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, काय असेल ते लिहून कळव, असं तुमचं फर्मान आलं. (शाळा सुटून सात-आठ वर्षं झाली तरी तुमच्यातला हेडमास्तर रिटायर झालेला नाही.) विषय आपल्या प्रतिक्षाचा. तिनं अमेरिकेत मुलगा पसंत केला, तो तिथल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवतो, आणि हे कळल्यापासून म्हणजे दिवाळीपासून तुम्ही पोरीशी एक शब्द बोललेला नाहीत. मुलगा गोरा आहे, परधर्माचा आहे, मटण अर्धं कच्चं खातो, याचं तुम्हाला काही नाही. तुमचं दुखणं निराळंच. आपल्या वाडवडिलांनी लोकांच्या दारात वाजवलं, तुम्ही शिकून हेडमास्तर झालात, पोरीला अमेरिकेला धाडलं, आणि तिनं तिथून शोधून शोधून बँडवालाच आणला. हे तुम्ही मला फोनवर ऐकवलंत. मला, म्हणजे भवानी पेठेतल्या नवप्रभात ब्रास बँडच्या मालकाला. आणि त्याच दमात म्हणालात की तू त्या लायनीतला आहेस, तूच चौकशी कर. मला वाईट वाटलं, दाजी. पण मेहुण्यानं वाईट वाटून घ्यायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून चौकशीला लागलो.

बँडवाल्याचं स्थळ आलं की काय काय विचारायचं हे आमच्यात ठरलेलं आहे. किती बँडपार्ट्या बदलल्या, ड्रेस वेळेवर धुतो का, फर्माईश आली की वाजवतो का तोंड पाडतो, आणि नवरी सासरी निघेपर्यंत थांबतो का जेवण उरकलं की सटकतो. एवढं कळलं की माणूस कळला. आमचे क्लॅरिनेटवाले राजेसाब मास्तर तुम्हाला माहीत आहेत. त्यांची सून शगुफ्ता कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं त्या बँडची सगळी कुंडली इंटरनेटवरून कागदावर काढली आणि आमच्या बैठकीत बसून मराठीत वाचून दाखवली. मी आणि राजेसाब मास्तर मान हलवत ऐकत होतो. मास्तर कळल्यामुळे हलवत होते का न कळल्यामुळे, ते मला अजून कळलेलं नाही.

बँडचं नाव ‘बॉरोड लॅडर’, म्हणजे उसनी शिडी. (मास्तरांनी लगेच विचारलं, शिडी परत केली का. शगुफ्ताला ते कुठं लिहिलेलं सापडलं नाही.) ओहायो नावाच्या राज्यातल्या चार शाळकरी पोरांनी एकाच्या घरच्या गॅरेजमध्ये हा बँड काढला. गाडी बाहेर बर्फात आणि पोरं आत. तिथले बाप फार सोशीक दिसतात. यांच्या वादनाचा प्रकार ‘अल्टरनेटिव्ह’, म्हणजे पर्यायी. आता पर्यायी कशाला? आमच्यात एखाद्यानं सांगून ठेवलेला मोठा बँड ऐनवेळी आला नाही की पर्याय म्हणून आम्हाला बोलावतात, त्या हिशेबानं नवप्रभात बँड माझ्या वडिलांपासून अल्टरनेटिव्ह आहे. शगुफ्ता म्हणाली तसं नव्हे, हे मुद्दाम पर्यायी आहेत. मोठं व्हायचंच नाही असं ठरवून वाजवतात. मी म्हटलं, मग चिंता कसली, आम्ही तेच न ठरवता करतोय.

पुढं ऐका. या लोकांना ड्रेस नाही. टोपी नाही, खांद्यावर झालर नाही, छातीवर बँडचं नाव नाही. फाटक्या पँटी घालून स्टेजवर चढतात आणि त्या नव्या विकत घेतानाच फाटक्या घेतात. गाणारा लोकांकडे पाठ करून गातो. गाणी दुसऱ्या कुणाची वाजवत नाहीत, सगळी घरची. आणि गाणी कशावर, तर बाप बोलत नाही, गावातला कारखाना बंद पडला, हिवाळा संपत नाही. ऐकून घास उतरू नये, आणि त्यावर पब्लिक उड्या मारतं. (सोलापुरातही कारखाने बंद पडले, पण त्यावर वाजवायला सांगणारा वरबाप मला अजून भेटायचा आहे.)

असं रडतखडत चाललेलं असताना यांचं एक गाणं चाललं. असं चाललं की रेकॉर्डी काढणारी मोठी कंपनी दारात आली. आता आपण काय म्हणू, नशीब उघडलं. तर यांचे जुने चाहतेच चिडले! हे विकले गेले म्हणून शिव्या घातल्या. दाजी, मी तिला तीनदा वाचायला लावलं. आमची हयात विकलं जायची वाट बघण्यात चालली आहे. आणि त्या शिव्या यांनी इतक्या मनाला लावून घेतल्या की जे गाणं ऐकायला लोक येत तेच वाजवणं बंद केलं. पब्लिक घसा फोडून फर्माईश करतंय आणि हे दुसरंच वाजवतायत, असं काही वर्षं चाललं. आमच्याकडे वरबापाची फर्माईश एकदा नाकारून बघा, तुतारीसकट विहिरीत घालतील. शेवटी मोठी कंपनी सोडून हे परत छोट्या कंपनीत आले, आणि हे त्या कागदावर कौतुकानं लिहिलेलं आहे.

मग भांडण. आमच्यात बँड फुटतो म्हणजे ट्रम्पेटवाला तीन माणसं आणि दिव्यांची गाडी घेऊन पळतो आणि पुढच्या चौकात ‘न्यू नवप्रभात’ अशी पाटी लावतो. यांनी सगळ्या देशात फिरून निरोपाचे कार्यक्रम केले. गावोगाव माणसं रडली. चौघे चार दिशांना गेले, चौघांनी चार बँड काढले, चारही बुडाले, आणि चार-पाच वर्षांनी हेच चौघे परत एकत्र येऊन त्याच गावांतून वाजवायला लागले. निरोप घेऊन निघालेला पाहुणा चप्पल विसरली म्हणून परत आला तरी आपण चरफडतो. तिथं मात्र लोक पहिल्यापेक्षा जास्त आले. मधल्या काळात आपला मुलगा सुतारकाम करत होता. (नाव कॅलेब. आक्काला म्हणावं, जमेल तसं म्हण, तो कशालाही ओ देतो.)

तेव्हा कागदावरची चौकशी एवढीच आणि ती वाईट. ड्रेस नाही, फर्माईश घेत नाही, निरोप घेऊन परत येतो. इथवर माझं मत ठाम नकाराचं होतं. तेवढ्यात प्रतिक्षा त्याला घेऊन सोलापुरात आली. तुम्ही माळशिरसला यायची मनाई केलीत, मग पोर जाणार कुठं? मामाकडे आली. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही लिहून कळव म्हणालात आणि लिहायला आजच बसलोय.

मुलगा ताडमाड, दाढीवाला आणि गप्प. आल्या आल्या माझ्या साइड ड्रमची चामडी बोटानं दाबून बघितली आणि मान हलवली. त्याच आठवड्यात आमचा साइड ड्रमवाला प्रदीप लग्नसराईच्या तोंडावर एका डीजेवाल्याकडे पळाला होता. दुसऱ्या दिवशी नवी पेठेतून वरात काढायची होती. मी काय करणार? म्हटलं, चौकशीची चौकशी होईल आणि वरातही निघेल. आमचा ड्रेस त्याला कोपरापर्यंत आला. टोपी डोक्यावर राहीना, ती प्रतिक्षानं पिनांनी बसवली.

वाजवतो उत्तम, हे आधीच कबूल करतो. राजेसाब मास्तर ऐकून क्लॅरिनेट फुंकायचे थांबले. पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. त्यानं जन्मात कधी चालत वाजवलेलं नाही. तिकडे ड्रमवाला बसून वाजवतो आणि लोक त्याच्याकडे येतात. इकडे ड्रम गळ्यात आणि वरात पुढं सरकत राहणार, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कापडाच्या दुकानांपाशी त्यानं डोळे मिटले आणि एका जागी रोवून उभा राहिला. पोरं भोवती नाचायला लागली, रिक्षावाले उतरले, दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. मी पुढं होतो, मला वाटलं वरात मागून येतेय. कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा घोडा होता, नवरदेव होता, राजेसाब मास्तर होते. वऱ्हाड नव्हतं. नवरदेवाचा बापही तिकडेच नाचत होता. नवरीचे मामा मल्लप्पा अक्षतांचं ताट हातात घेऊन मला म्हणाले, “नवरा हितं हाय, मग वराड कुटं नेऊन घातलंसा?” मुहूर्त टळला, तो टळलाच. गुरुजींनी दुसरा मुहूर्त काढून दिला, पण मल्लप्पा मामा मला जे बोलले ते मी तुम्हाला लिहिणार नाही, कारण त्यातलं निम्मं कानडीत होतं.

आता महत्त्वाचं. बँडवाल्यांची पंगत शेवटची, आणि ती मांडवाच्या मागं, हे तुम्ही लहानपणी पाहिलेलं आहे. त्याचीच लाज वाटून तुम्ही शाळेत गेलात, आणि बरं केलंत. नवरदेवाचा बाप मात्र नाचून खूश झालेला. त्यानं कॅलेबचा हात धरला आणि फेटा बांधून पहिल्या पंगतीत मधोमध बसवायला निघाला. सगळ्यांना फोटो काढायचे होते. कॅलेबनं प्रतिक्षाला काहीतरी विचारलं. बाकीचे कुठं जेवणार, असं विचारलं म्हणे. तिनं मागं बोट दाखवलं. फेटा काढून त्यानं त्या बापाच्या हातात दिला आणि मागं येऊन माझ्याशेजारी पाण्याच्या टाकीला टेकून बसला. आमची पाळी यायला फार वेळ लागला. मी प्रतिक्षाला म्हटलं, त्याला सांग, तू पाहुणा आहेस, पुढं बसलास तरी आम्हाला राग नाही. तिनं सांगितलं. तो काय म्हणाला ते तिनं मराठीत सांगितलं, “मामा, तो म्हणतोय, बँड बँडबरोबरच जेवतो की. त्यात काय विचारायचं?”

दाजी, मी त्याच्याकडे नीट बघितलं. मोठेपणा दाखवायला म्हणाला असता तर मी ओळखलं असतं, मोठेपणा दाखवणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितलीत. याला तर भूक लागली होती आणि तो नुसता वाट बघत होता. मग भात आला आणि तो चारदा वाढून घेऊन जेवला.

तर माझा गोंधळ हा असा. कागद बघितला तर मुलगा वाईट आणि पंगत बघितली तर मुलगा आपला. मेहुणा म्हणून विचाराल तर नाही म्हणा, बँडवाला म्हणून विचाराल तर हो म्हणा, आणि मामा म्हणून विचाराल तर मला विचारूच नका, पोरीला विचारा. मी आपला निकाल देत नाही. चुकीभुलीची माफी असावी. आक्काला सांगा, पोर तब्येतीनं बरी आहे, पण फोन वाजला की आधी कुणाचा ते बघते आणि मग तोंड उतरतं.

आपला मेहुणा,
नागनाथ

ता. क. – नकारच द्यायचा असेल तर कृपया लग्नसराई संपल्यावर द्यावा. प्रदीप परत आलेला नाही आणि दुसरा साइड ड्रमवाला मिळत नाही.

ता. क. दुसरा – राजेसाब मास्तर म्हणतात, वरचं वाचून दाजी मला स्वार्थी समजतील, तर ते खोड. पेनानं लिहिलंय, खोडलं तर अजून वाईट दिसेल. राहू दे.

ता. क. तिसरा – खरं तर पत्र यासाठीच लिहिलं, पण लिहायला धीर होत नव्हता. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात हे कॅलेबनं त्याच्या आईला सांगितलं. त्या बाईंना ही रीत फार आवडली. त्यांनी काल माझ्या नावानं निरोप पाठवला, शगुफ्तानं वाचून दाखवला. लिहितात, आमच्या घरात गाणं-वाजणं असतं, मोठ्यानं बोलणं असतं, पण अबोला कुणी धरत नाही. मुलगा सांगतो की मुलीचे वडील दिवाळीपासून तिच्याशी बोललेले नाहीत, हे खरं आहे का, आणि ते माणूस म्हणून कसे आहेत ते तुम्ही जवळचे म्हणून कळवा. बाई उत्तराची वाट बघतायत. मी अजून काही लिहिलेलं नाही. काय लिहू, ते उलट टपाली कळवावं. नाहीतर प्रतिक्षालाच फोन करून सांगा, म्हणजे मला काही लिहावं लागणार नाही.