खरी थाप

सर, कालच्या पालकसभेत एका बापाने मला विचारलं, "म्याडम, ह्या जुडोचा पोरीला फायदा काय?" मी कोल्हारजवळच्या एका शाळेत मुलींना ज्युदो शिकवते. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. मी नेहमीचं सांगितलं: भूक लागते, झोप चांगली लागते, पोरगी एसटी स्टँडवर एकटी उभी राहायला बिचकत नाही. मार्क वाढतात असं मी सांगत नाही, माझे वाढले नव्हते. शेवटी म्हटलं, "आणि दुखतंय हे वेळेवर सांगता येतं." तो म्हणाला, "ते तर घरी बी सांगतीच की." शेजारी बसलेली त्याची बायको फिसकन हसली. "कवा सांगती? ताप आल्याला मला हात लावून कळतो." सगळी सभा हसली. मीही हसले, पण माझा उजवा खांदा इतका ठणकत होता की टेबलाखाली तो हात मी डाव्या हाताने धरून बसले होते.

दुखण्याचं ते वाक्य माझं नाही, तुमचं आहे. पाथर्डीत आमच्या वसतिगृहामागच्या गोदामात तुम्ही भुशाची पोती अंथरून वर ताडपत्री ताणली होती. आम्ही सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरी. आईबाप टोळीबरोबर गेले की थेट उन्हाळ्यात दिसायचे. खेळताना समोरचीने हात अडकवला आणि सहन होईना, तर ताडपत्रीवर तळहात आपटायचा, की ती लगेच सोडते. याला तुम्ही 'थाप मारणं' म्हणायचात. पहिल्या दिवशी आम्ही तोंडावर ओढणी धरून खिदळलो होतो, कारण आमच्याकडे थापा मारते ती खोटारडी. तुम्ही न हसता म्हणालात, "भायेर थाप मारली की खोटं. हितं न्हाई मारली की खोटं."

मला ते पटलं नव्हतं. आमच्या घरात दुखणं सांगणं म्हणजे कामचुकारपणा. आईच्या बोटाला कोयता लागला तर ती चिंधी गुंडाळून पुढची मोळी बांधायची, आणि ते कौतुकाने सांगितलं जायचं. दहावीत एकीने माझा हात अडकवला तेव्हा मी दात आवळून पडून राहिले. कोपरातून कट्‌ आवाज आला आणि तुम्हीच धावत येऊन तिला बाजूला ओढलंत. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "लई शूर झालीस व्हय? कुनाला दावतीस?" तुमचा आवाज पार वसतिगृहात ऐकू गेला असेल. "हात तुझा हाय. तू बोलली न्हाईस तर त्या पोरीनं कसं वळखायचं?" कोपर बरं झाल्यावर तुम्ही मला कितीतरी दिवस नुसतं हरायला लावलंत. पकड बसली की थाप, सुटले की पुन्हा पकड. त्यात माझी लाज कधी गेली ते कळलं नाही. बारावीनंतर बापाने स्थळ आणलं, तेव्हा जेवता जेवता मी म्हणाले, "आण्णा, मला आत्ता लग्न नकोय." रडले नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "मग आदी बोलायचं की." इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि तुम्ही काय केलंत? तुमच्या दहाव्याला आले तेव्हा तुमच्या घरच्या काकू सांगत होत्या, "हात सारखा छातीवर असायचा. पित्त हाय, पित्त हाय म्हनत सोडा पीत राह्यले. मला बी बोलले न्हाईत." मला तुमचा राग आला, सर. अजून येतो. सगळ्या पोरींना थाप मारायला शिकवलंत आणि स्वतःवर वेळ आली तर सोडा प्यालात!

पण मी तरी कुठे शहाणी? खांदा दिवाळीपासून दुखतोय. वेणी घालताना हात वर जात नाही, मुलीला फेकून दाखवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मी मानधनावर आहे, थांबले तर वर्ग बंद पडेल, म्हणून कुणाला बोलले नव्हते. काल त्या बाईचं हसणं मात्र रात्रभर कानात राहिलं. सकाळी हे शेतावर निघाले होते, तेव्हा दारातच सांगून टाकलं. "कवापासून?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "दिवाळीपासून." धक्का दिल्याशिवाय सुरू न होणाऱ्या आमच्या गाडीकडे बघत हे म्हणाले, "आन म्या येडा रोज तुलाच ही मागून ढकलायला लावतोय." मग म्हणाले, उद्या नगरला मोठ्या डॉक्टरला दाखवू.

यांना खांद्याचं सांगितलं, भीतीचं नाही. डॉक्टर शिकवणं बंद करा म्हणाले, तर मी कुणाची तरी सून आणि कुणाची तरी बायको, एवढीच उरेन असं वाटतं. हे घरात बोलायची हिंमत अजून झालेली नाही. तुम्हाला लिहितेय, कारण हा कागद कुठे जाणार नाही आणि तुम्ही माझ्यावर ओरडणार नाही. ओरडला असतात तर बरं झालं असतं.