शेवटच्या बाकावर मी नव्हते

१३ जानेवारी, मंगळवार
ट्रेनिंग संपलं एकदाचं. दोन आठवडे ऑनलाइन, विषय 'प्राध्यापकांचा अध्यापनातील व्यावसायिक विकास'. निम्मा वेळ कॅमेरा बंद ठेवून मेथी निवडली, एकदा तर चक्क डुलकी काढली. तरी सर्टिफिकेट आलं, माझं नाव छान वळणदार अक्षरात.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐकली. सहकाऱ्याच्या तासाला मागे जाऊन बसायचं, बघायचं, नंतर त्याच्याशी बोलायचं. पास-नापास नाही. वीस वर्षं इकॉनॉमिक्स शिकवतेय, माझ्या तासाला असं कुणी येऊन बसलं नाही. मीही कुणाच्या तासाला बसले नाही. प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, लगेच सुरू करा, समन्वयक तुम्हीच. प्रोफेसरपदाच्या फाईलला जोडता येईल. खोटं कशाला बोलू, पहिला विचार तोच आला.

१९ जानेवारी, सोमवार
स्टाफ मीटिंग. फॉर्म समजावला. तीन जमेच्या बाजू, दोन सुधारणेच्या जागा, खाली दोघांच्या सह्या.

कॉमर्सचे देसाई सर (निवृत्तीला दोन वर्षं, जिभेला हाड नाही): "म्हणजे आता सुनेच्या आमटीला सासू मार्क देणार!" सगळे हसले. मीही.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, हा फॉर्म कुणाच्या नोकरीसाठी वापरला जाणार नाही, फक्त आपल्याआपल्यात. प्राचार्य मान डोलवत होते. तासिका तत्त्वावर असलेल्यांचे चेहरे तरी आंबटच. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यांना कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. आमच्याच विभागातली प्रणाली, तिसरं वर्ष तिचं इथे, मीटिंग संपल्यावर जवळ आली. "नक्की ना मॅडम?"
"नक्की गं. मी आहे ना."

३० जानेवारी, शुक्रवार
उद्या फॉर्म द्यायची शेवटची तारीख. माझ्या वाट्याला चार तास होते. बसले एकालाच, तेही देसाई सरांच्या, आणि पंधरा मिनिटांत फोन आला म्हणून उठले. प्रणालीचा तास बुधवारी ११.१० चा. त्या वेळी मी झेरॉक्सवाल्याकडे, फाईलच्या तीन प्रती. समन्वयकच असं करते म्हटल्यावर बाकीच्यांचं काय विचारा.

आज अर्ध्या तासात उरलेले तीन फॉर्म उरकले. जमेच्या बाजू पटकन सुचतात: वेळेवर येते, आवाज स्पष्ट, फळ्याचा योग्य वापर. गाडी अडली ती सुधारणेच्या जागांवर. सगळंच छान लिहिलं तर फॉर्म बनावट दिसतो, हे ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं. मग प्रणालीच्या फॉर्मवर लिहिलं:
१) उदाहरणे पाठ्यपुस्तकाबाहेरची नाहीत.
२) उच्चारांवर बोलीचा प्रभाव; प्रमाण भाषेकडे लक्ष द्यावे.

ती जिन्यात भेटली. "सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे." तिने उभ्याउभ्या वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं. सही केली. मला बरंच वाटलं, वेळ वाचला. फाईल पूर्ण.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या वर्षी एक तुकडी बंद होतेय, तासिका कमी. आमच्या विभागातले दोघं तासिकावाले, प्रणाली आणि पराग, त्यांतला एकच ठेवायचा. कमिटी बसेल ९ मार्चला.

"पूर्वी असं ठरवताना वाद व्हायचे. आता आपल्याकडे ऑब्जेक्टिव्ह डेटा आहे, मॅडम. तुमच्यामुळे."

समोर दोन फॉर्म. परागचा देसाई सरांनी भरलेला, नुसती स्तुती. प्रणालीचा माझ्या अक्षरात. प्राचार्यांनी माझीच दोन वाक्यं मला मोठ्याने वाचून दाखवली, वर म्हणाले, "विभागप्रमुखच म्हणतायत म्हटल्यावर..."

मी म्हटलं, सर, हे फॉर्म त्यासाठी नव्हते. ते म्हणाले, हो हो, पण हाताशी आहेत ना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा आला. मी चहा प्यायले. बिस्किटसुद्धा घेतलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर एकच. ते दुसरं वाक्य माझ्या हातून आलं कुठून? प्रणालीला शिकवताना मी कधी ऐकलेलंच नाही. स्टाफरूममध्ये बोलते ती अगदी साधं, तुमच्याआमच्यासारखं. मग? वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहते, आई मासळी विकते, एवढं माहीत होतं. तेवढ्यावर लिहून टाकलं. दुसरं काही नाही. लाज वाटते हे लिहायला.

संध्याकाळी आईचा फोन. न राहवून सांगितलं. वाटलं, समजूत काढेल. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक पण असांच म्हणत गिरणीत. भाषा सुधार म्हणान. घराक येऊन जेवत नसत ते." मग म्हणाली, "आणि तू काय केलंस गो?"

बाबांनी घरात आमच्याशी मालवणी बोलणं का बंद केलं होतं, ते मला आज कळलं. पन्नाशी आली माझी.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आज गेले. ११.१० ला, शेवटच्या बाकावर. प्रणालीने विचारलं नाही का आलात, मान हलवली आणि सुरू केलं.

एफवायची तुकडी, बासष्टपैकी पन्नासेक हजर. माझ्या तासाला पंचवीस म्हणजे डोक्यावरून पाणी. विषय मागणी-पुरवठ्याची लवचिकता. पुस्तक उघडलंच नाही तिने. टेबलावर चार कंपास-पेट्या मांडल्या, म्हणाली, ही पापलेटची पाटी, ही सुरमई, ही बोंबील, ही कोलंबी. मी बंदरावरची लिलाववाली, तुम्ही गिऱ्हाईक. आणि एकदम कमरेला ओढणी खोचून आवाज लावला, "ये गो बाय, ताजा हाय, बग तरी!" वर्गात हशा. पण कुणी टर उडवत नव्हतं. बोली लागली, लिलाव पेटला, मागच्या बाकावरचे टगे उभे राहून भाव पुकारत होते.

मग मध्येच थांबली. स्वच्छ, पुस्तकी म्हणावं अशा मराठीत: "आता सांगा, आज गुरुवार असता तर?"
"मिस, कोण खाणार? भाव पडणार!"
"पडला तर मी मासे घरी ठेवू? थांबू शुक्रवारपर्यंत?"
"सडतील ना मिस."
"मग पुरवठा लवचिक की ताठर?"

पन्नास पोरांनी एका सुरात उत्तर दिलं. माझ्याकडे हे उत्तर सप्टेंबरात शिकवलं की मार्चात विसरलेलं असतं.

उदाहरणे पाठ्यपुस्तकाबाहेरची नाहीत. मी लिहिलंय हे. शाईने. घंटा झाली तरी मला बाकावरून उठवेना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
देसाई सरांना गाठलं. म्हटलं, मी प्राचार्यांना खरं सांगणार आहे, मी तासाला बसलेच नव्हते.

"वेडी आहेस का? परागचा फॉर्म मी घरी बसून, मॅच बघत भरलाय. सगळ्यांनी असेच भरलेत. तू तोंड उघडलंस की चौदा जणांचं वस्त्रहरण. आणि तुझी फाईल? जुलैत इंटरव्ह्यू ना तुझा?"

मी म्हटलं, आणि प्रणाली?

"पोरगी हुशार आहे, कुठेही लागेल." मग खाली बघून, जरा हळू, "माझी दोन वर्षं राहिलीत गं."

चिडायला गेले आणि चिडता येईना. त्यांनी मॅच बघितली, मी झेरॉक्स काढली. फरक काय?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मराठी भाषा दिन. फेटे, रांगोळी, भाषण. प्राचार्य माईकवर म्हणाले, बोली हे भाषेचं खरं धन आहे, त्या जपल्या पाहिजेत. टाळ्या. मीही वाजवल्या. प्रणाली मुलांना रांगेत बसवत होती.

कार्यक्रमानंतर केबिनमध्ये शिरले, दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. सर, बुधवारचा तास मी बघितलाय, पण जानेवारीतला नव्हता बघितला. फॉर्म खोटा आहे.

वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला.

"मग प्रॉब्लेम काय आहे? आता बसलात ना? छान फॉर्म लिहा नवीन. तारीख तेवढी जानेवारीची टाका, जुना मी फाडतो. तुमची फाईल सेफ, मुलगी सेफ. कमिटीला बाकीचं कशाला सांगायचं?"

कोरा फॉर्म दिला हातात. जिना उतरताना मी चक्क खुश होते. घरी जाताना, लोकलने मुलुंड गाठेपर्यंत. मग ती तारीख आठवली.

२८ फेब्रुवारी, शनिवार
घरी बसून नवा फॉर्म लिहिला. या वेळी हात थांबत नव्हता, जागा पुरेना, मागच्या बाजूला लिहिलं. खरं असलं की असं भराभर येतं तर! तारखेचा रकाना तेवढा मोकळा ठेवला.

दुपारी घाटकोपरला, मेट्रोच्या जिन्याखाली प्रणालीला भेटले. वेसाव्याची गाडी पकडायची होती तिला. उसाचा रस घेऊ म्हटलं, नको म्हणाली. सगळं सांगितलं, फॉर्म नोकरीसाठी वापरतायत हेही. ते तिला माहीत नव्हतं. चेहरा उतरला.

"तुम्ही आला नव्हता हे मला माहीत होतं ना मॅडम. मी पोरांना सांगून शेवटचा बाक मोकळा ठेवला होता. अठ्ठेचाळीस मिनिटं."

"मग सही का केलीस?"

"तुम्ही हेड. माझे तास तुम्ही लावता. काय सांगणार होते मी, की तुम्ही खोटं लिहिलंय?" मग म्हणाली, "ते बोलीचं मी घरी आईला वाचून नाही दाखवलं. बाकी सगळं दाखवते."

मी नवा फॉर्म पुढे केला. म्हटलं, जानेवारीची तारीख टाकली तर तुझं काम होतं. तू सांग, टाकू का?

तिने वाचला पूर्ण, मागची बाजूपण. डोळे भरले होते तिचे, वाटलं, हो म्हणेल. फॉर्म परत दिला.

"मला नका विचारू. त्या दिवशी पण तुम्ही माझी सही घेतलीत. आज विचारून परत तीच घेताय."

गेली. मी तिथेच, दोन रस सांगून बसले होते. दोन्ही मीच प्यायले.

१ मार्च, रविवार
काही नाही. पोळ्या केल्या. कपाट आवरलं. खोटी तारीख टाकली तर प्रणाली वाचते. खरी टाकली तर माझं एक पत्र जोडावं लागेल, जुना फॉर्म का बाद ते सांगणारं, आणि मग कमिटी म्हणेल, यांच्या कुठल्याच फॉर्मचा भरवसा नको. मग पूर्वीसारखं, ज्याचा वशिला त्याची जागा. म्हणजे परागची. त्याचा मामा संस्थेवर आहे.

खरं बोलून तिचं नुकसान, खोटं बोलून भलं. आणि दोन्हीकडे माझं अक्षर. ट्रेनिंगमध्ये यावर एकही सत्र नव्हतं. असतं तरी मी मेथीच निवडत बसले असते म्हणा.

५ मार्च, गुरुवार
पत्र दिलं. दीड पान. मी तासाला बसले नव्हते. दोन्ही दोष मनाने लिहिले, दुसरा तर तिचं राहण्याचं ठिकाण माहीत होतं म्हणून. सही तिच्याकडून मी घेतली, पदाच्या जोरावर. चारपैकी तीन फॉर्म असेच. बाकी कुणाचं नाव घातलं नाही. सोबत नवा फॉर्म, तारीख २५ फेब्रुवारी. कमिटीच्या प्रत्येक सदस्याला प्रत, म्हणजे एकट्या प्राचार्यांना फाडून चालणार नाही. शेवटी विनंती, कमिटीतल्या कुणीतरी सोमवारच्या आत दोघांच्याही तासाला प्रत्यक्ष बसावं.

ऑफिसातल्या म्हात्रेबाईंनी शिक्का मारता मारता वाचलं. पोचपावती देताना नजर वर केली नाही.

देऊन आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट आता सगळ्यांना माहीत.

६ मार्च, शुक्रवार
प्राचार्यांचा निरोप: समन्वयक म्हणून तुम्ही सध्या थांबा. फाईलबद्दल नंतर बोलू. तासाला कुणी बसणार का, यावर काही उत्तर नाही. देसाई सर स्टाफरूममध्ये मी शिरल्यावर उठून गेले, डबा अर्धा टाकून.

११.१० ला प्रणाली वर्गाच्या दाराशी दिसली. पत्र तिच्यापर्यंत पोचलेलं असणार, इथे भिंतींना कान आहेत. मला तिच्याकडून काही ऐकायचं होतं. थँक्यू नाही, तेवढी निर्लज्ज नाही मी. काहीतरी.

म्हटलं, "बसू का आज मागे? कमिटीसाठी नाही गं. असंच. शिकायला."

तिने जरा विचार केला. रागावलेली नव्हती.

"आज नको, मॅडम."

आणि आत गेली. मी पॅसेजमध्ये थोडा वेळ उभी राहिले, मग माझ्या तासाला गेले. एकवीस मुलं होती.